ऑगस्टचं पाणी, एप्रिलचं बिल : म्हैसाळ योजनेच्या विजेचं एक प्रकरण

कवठेमहांकाळ तालुक्यात आमच्या गावच्या माळावर उभं राहिलं की दोन गोष्टी एकदम नजरेत येतात. ढालगावच्या अंगाला पवनचक्क्यांची रांग, आणि पायथ्याशी कृष्णेचं पाणी पंपाने उपसून आणणाऱ्या म्हैसाळ योजनेच्या पोटकालव्याचा मातीचा भराव. ऑगस्टात चक्क्यांची पाती गरगरत असतात आणि कालव्यात शेरडं चरत असतात. एप्रिलमध्ये कालव्याला पाणी असतं, म्हणजे आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची पाळी) सुटलं तर असतं, आणि पाती पेंगत असतात. हे कित्येक वर्षं बघतोय. त्यात काही विचार करण्यासारखं आहे हे कळायला मात्र २०२३-२४ चा टंचाईचा हंगाम जावा लागला.

त्या वर्षी पावसाने आमच्याकडे पाठच फिरवली. कोयना धरणही पूर्ण भरलं नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सांगली जिल्ह्यातून त्या यादीत मिरज, खानापूर, कडेगाव आणि चक्क भरपूर पावसाचा शिराळा आले. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ राहून गेले. (शिराळकरांनी राग मानू नये, पण त्यांचा दुष्काळ हा आमच्या पारावर अजून चेष्टेचा विषय आहे.) पुढे महसूल मंडळांची वेगळी यादी निघाली, तेव्हा थोडी सारवासारव झाली. तोवर सांगलीत कृष्णेचं पात्र उघडं पडलं होतं. कोयनेतून पाणी सोडा म्हणून आंदोलनं सुरू होती आणि धरणाची चावी कोणाच्या हातात यावरून सातारा आणि सांगलीच्या पुढाऱ्यांची जाहीर खडाजंगी चालली होती.

फेब्रुवारीत मारुतीच्या देवळात बैठक बसली. विषय नेहमीचेच : आवर्तन कधी, पाणीपट्टी किती, आणि मागची थकबाकी कोणाच्या नावावर. पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयातले साहेब आले होते. वीजबिल भरलं नाही तर पंप बंद पडतील, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. कोपऱ्यात बसलेले आण्णा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "साहेब, पाणी बी कोयनेचं, लाईट बी कोयनेची. मग पाणी आणायला लाईट इकत का घ्यायची वो?"

देवळात हशा पिकला. साहेबही हसले. उत्तर मात्र कोणी दिलं नाही. मी गेली काही वर्षं आमच्या भागातल्या आवर्तनांच्या तारखा एका वहीत लिहून ठेवतो. त्या रात्री ती वही काढली आणि मागच्या कोऱ्या पानांवर आण्णांच्या प्रश्नाचा हिशेब मांडायला बसलो. हे प्रकरण म्हणजे त्याच हिशेबाची कहाणी आहे.

योजना काय आहे

म्हैसाळला कृष्णेवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. त्यात अडवलेलं पाणी पंपाने उचलून एका पंपगृहातून पुढच्या पंपगृहाकडे, असं टप्प्याटप्प्याने चढवत मिरज पूर्व, कवठेमहांकाळ, जत आणि पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला-मंगळवेढ्याच्या बाजूला न्यायचं, अशी ही योजना. मूळ आराखड्यात तिच्या वाट्याला १७.४४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आणि ८१,६९७ हेक्टर लाभक्षेत्र आहे. तिची भावंडं दोन : वाळवा तालुक्यातल्या ताकारीची योजना ९.३४ टीएमसीची, २७,४३० हेक्टरांसाठी. आणि कऱ्हाडजवळच्या टेंभूची २२ टीएमसीची, ८०,४७२ हेक्टरांसाठी. ताकारी आणि म्हैसाळ या जोडीचं सरकारदरबारी नाव 'कृष्णा-कोयना उपसा सिंचन योजना' असं आहे. आण्णांनी हे नाव कधी वाचलेलं नसेल, पण त्यांच्या प्रश्नाची दोन्ही टोकं त्यात आहेत.

धरणाचा साधा कालवा उताराने वाहतो. एकदा खोदला की पाणी फुकट पुढे जातं. आमचा कालवा मात्र चढणीचा आहे. इथे येणाऱ्या प्रत्येक थेंबाला कुणीतरी खांद्यावर घेऊन वर आणलेलं असतं, आणि तो खांदा विजेचा आहे. म्हणून आमच्याकडे पाण्याची चिंता आणि विजेची चिंता या दोन वेगळ्या चिंता नाहीत. ऊर्जासुरक्षा हा शब्द मोठ्या सभागृहांतला वाटतो. आमच्याकडे त्याचा अर्थ खरड छाटणीनंतर (द्राक्षवेलींच्या उन्हाळी छाटणीनंतर) बागेला पाणी मिळणार की नाही, एवढाच.

हजार लिटरला एक युनिट

हिशेबासाठी मी काही गोष्टी गृहीत धरल्या. सगळे टप्पे, पाईपमधलं घर्षण, हे सगळं धरून पाणी एकूण २५० मीटर उचलावं लागतं असं मानलं. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली, कारण पंप जुने होतात, गाळ खातात. प्रत्येक टप्प्यावरच्या गावाला हा आकडा वेगळा पडेल, पहिल्या टप्प्याजवळच्यांना बराच कमी. पण या गृहीतावर गणित इतकं सोपं निघालं की मी दोनदा तपासलं : एक हजार लिटर पाणी वर आणायला साधारण एक युनिट वीज.

आता हे फूटपट्टीसारखं वापरता येतं. एक एकर बागेला १० सेंटिमीटर उंचीचं पाणी द्यायचं म्हणजे चार लाख लिटर, म्हणजे चारशे युनिट. एवढ्यात एखाद्या साध्या घराचा चार-पाच महिन्यांचा विजेचा वापर भागतो. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे दहा युनिट. तोच टँकर वीस किलोमीटर फिरवला तर पाचेक लिटर डिझेल जळतं, आणि एक लिटर डिझेलमध्ये दहा युनिटांइतकी उष्णता असते. म्हणजे वीज कितीही महाग वाटली तरी टँकरपेक्षा पंप कधीही शहाणा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तेव्हा पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी होतं. देशभर त्याच्या बातम्या झाल्या. तेवढंच पाणी आमच्या कालव्याला यायला आमच्या फूटपट्टीने पाचशे युनिट लागतात, आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही.

मग आण्णांच्या मूळ प्रश्नाकडे वळलो. कोयनेतल्या एका टीएमसीचं काय होतं?

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाची क्षमता १०५.२५ टीएमसी. त्यातलं ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवण्याची मुभा कृष्णा पाणीवाटप लवादाने दिलेली आहे. हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पोफळीच्या बाजूला उतरतं, कोळकेवाडीत पुन्हा अडवलं जातं, तिथून आणखी एकदा वीज देऊन वाशिष्ठीत मिसळतं आणि समुद्राला जातं. या सगळ्या उतरणीची उंची ढोबळ मानाने सहाशे मीटरच्या घरात आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. गुणाकार केला की एका टीएमसीमागे चार कोटी युनिटांच्या आसपास वीज निघते.

तोच एक टीएमसी पूर्वेला सोडला तर धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून थोडी वीज मिळते. तिथली दोन्ही जनित्रं चालवून २,१०० क्युसेकने (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी सोडतात. एक टीएमसी बाहेर पडायला साडेपाच दिवस लागतात आणि हाती अर्धा कोटी युनिट येतात. मग ते पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिळतं, काठावरच्या हजारो मोटारींना चुकवत सांगली-मिरज ओलांडून म्हैसाळच्या बंधाऱ्याला येतं, आणि तिथून वर चढायला तीन कोटी युनिट खातं.

म्हणजे पश्चिमेला गेलं तर चार कोटी जमा. पूर्वेला येऊन आमच्या माळावर चढलं तर अडीच कोटी खर्च. एकाच पाण्याच्या दोन वाटांत साडेसहा कोटी युनिटांचा फरक. वाटेत जे पाणी काठावर उपसलं गेलं ते यात धरलेलं नाही.

हा आकडा मी आण्णांना सांगितला तेव्हा ते जरा गप्प झाले. त्यांना वाटलं, मी पाणी पश्चिमेलाच जाऊ द्या म्हणतोय. तसं अजिबात नाही. कोकणात उतरलेलं पाणी आमची द्राक्षं पिकवत नाही आणि माणसांना पाजलेल्या पाण्याची किंमत युनिटात मोजायची नसते. पण कोयनेच्या चावीवरून भांडण का होतं, हे या दोन वाटांकडे बघितल्याशिवाय समजत नाही. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅटच्या आसपास आहे आणि त्याचं खरं मोल युनिटांच्या संख्येत नाही. संध्याकाळी सात वाजता राज्यातले दिवे एकदम लागतात, तेव्हा कोळशाचं केंद्र पटकन उठत नाही. कोयनेचं जनित्र काही मिनिटांत उठतं. मुंबईतल्या माणसाच्या घरी संध्याकाळी दिवा मिणमिणत नाही याला एक कारण पाटण तालुक्यात साठवलेलं पाणी आहे. ते पाणी तिथेच राखलं जावं असं वीजवाल्यांना वाटणं यात त्यांची काही दुष्टाई नाही.

बिल कोणाचं

सुरुवातीची बरीच वर्षं ही योजना टंचाई निधीवर चालली. दुष्काळ जाहीर झाला की सरकार बिल भरणार, पंप सुरू होणार. पाऊस बरा झाला की थकबाकी, वीज तोडण्याची नोटीस, मोर्चा, पुन्हा जोडणी. पुढे बिलाची वाटणी ठरली : ८१ टक्के शासन, १९ टक्के शेतकरी. आता यावरच योजना तगून आहे. १९ टक्के ऐकायला कमी वाटतात, पण तेही सगळ्यांकडून सारखे वसूल होत नाहीत, आणि त्यामागचं कारण शेतकऱ्याची नियत हे नसून पीक हे आहे.

उसाच्या पट्ट्यात पाणीपट्टी साखर कारखान्याकडे कळवली जाते आणि उसाच्या बिलातून परस्पर कापली जाते. शेतकरी कुरकुरतो, पण पैसे जमा होतात. आमच्याकडे द्राक्षं आहेत. द्राक्षाला कारखाना नाही. माल व्यापाऱ्याला जातो, नाहीतर बेदाणा होऊन तासगाव-सांगलीच्या सौद्याला. तिथे पाणीपट्टी कापायला कोण बसलंय? त्यात एखाद्या वर्षी अवकाळीने घड गेले, किंवा व्यापारीच पैसे बुडवून पळाला, तर पाणीपट्टी ही शेवटची उधारी असते. याचा एक विचित्र परिणाम मला वहीत दिसतो. जास्त पाणी पिणाऱ्या उसाकडून वसुली सोपी असल्यामुळे योजनेच्या हिशेबात ऊस हे 'चांगलं गिऱ्हाईक' ठरतं. ठिबकवर कमी पाण्यात भागवणारा द्राक्षवाला थकबाकीदार ठरतो. एकेक युनिट मोजून पाणी वर आणायचं आणि ते पाटाने उसाला सोडायचं, हे कोणी मुद्दाम ठरवलेलं नाही. वसुलीची सोय तिकडे घेऊन जाते.

वीज येते कुठून

आण्णांची "लाईट कोयनेची" ही समजूत आमच्याकडे सर्रास आहे. खरं म्हणजे पंपाला लागणारी वीज महाराष्ट्राच्या वीजजाळ्यातली (ग्रिडमधली) असते आणि त्यातला मोठा वाटा अजून कोळशाचा आहे. कोळशावरच्या एका युनिटाला अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. म्हणजे आमच्या फूटपट्टीने हजार लिटर पाण्यामागे तेवढाच कोळसा. हिरव्यागार द्राक्षबागेच्या मुळाशी चंद्रपूरची राख आहे असं म्हटलं तर कुणाला आवडणार नाही, पण हिशेब तेच सांगतो.

आणि कोळसा काही भरवशाचा नाही. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाची टंचाई पडली, भारनियमनाची वेळ आली, तेव्हा कोयनेतून वीजनिर्मितीसाठी जादा पाणी देण्याचा निर्णय झाला. कोळसा कमी पडला की कोयनेचं पाणी पश्चिमेला ओढलं जातं, आणि ते नेमकं एप्रिलमध्ये, जेव्हा पूर्वेला त्याची सगळ्यात जास्त गरज असते. उलटी गोष्टही घडलेली आहे. जुलै २०१५ मध्ये परळीचं औष्णिक केंद्र बंद पडलं, कोळसा असूनही, पाणीच नव्हतं. वीज नसेल तर पाणी नाही आणि पाणी नसेल तर वीज नाही. आमची योजना या दोन्हींच्या बेचक्यात उभी आहे.

सौर प्रकल्पाची आशा, आणि तिची मर्यादा

यातून वाट काढायला म्हैसाळ योजनेसाठी स्वतंत्र सौर प्रकल्प आखण्यात आला. जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेचं कर्ज, जत तालुक्यातली माळरानाची जमीन, आणि सुमारे २०० मेगावॅटची क्षमता, असा त्याचा बेत. जतचा माळ, जिथे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे पडतो आणि ऊन मात्र बारा महिने, तो या कामाला योग्यच म्हणायचा. २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या ४० गावांवर हक्क सांगितला, तेव्हा महाराष्ट्राला ही गावं एकदम आठवली आणि विस्तारित म्हैसाळ योजनेच्या कामाने वेग घेतला. पाणी चढवायचं गाव आणखी लांब, म्हणजे वीज आणखी जास्त. सौर प्रकल्प हा त्या विस्ताराचा अर्धा भाग समजला पाहिजे.

गणित पुन्हा फूटपट्टीनेच केलं. आपल्या भागात एक मेगावॅट सौर क्षमतेतून वर्षाला पंधरा लाख युनिट मिळतात असं धरलं, तर २०० मेगावॅटमधून तीस कोटी. हजार लिटरला एक युनिट या दराने यात साडेदहा टीएमसीच्या आसपास पाणी वर चढतं. योजनेचा मूळ वाटा १७.४४ टीएमसी आहे हे लक्षात घेतलं तर निम्म्याहून बरंच जास्त. हा आकडा पाहून मला खरोखर आनंद झाला.

आनंदाला एक फट आहे. लोकांना वाटतं की पॅनेलवर ऊन पडलं की पंप फिरणार, बिल शून्य. विहिरीवरच्या साडेसात एचपीच्या सौर पंपाचं तसं असतं. एकामागे एक टप्पे असलेल्या योजनेचं तसं नसतं. पहिल्या टप्प्याने उचललेलं पाणी दुसऱ्याने त्याच वेळी घ्यावं लागतं, दुसऱ्याचं तिसऱ्याने. मधल्या एका पंपगृहावर वीज डळमळली की मागचं पाणी सांडतं आणि पुढचा कालवा सुकतो. शिवाय आवर्तन सुरू झालं की पंप रात्रंदिवस चालतात. फक्त दुपारच्या सहा-सात तासांत तेवढंच पाणी उचलायचं तर पंप, पाईप, कालवा, सगळंच साडेतीन-चारपट मोठं लागेल. म्हणून सौर प्रकल्पाची वीज व्यवहारात जाळ्यात जाणार, आणि पंप जाळ्यातूनच वीज घेणार. दोन्हींची वजावट कागदावर होणार. रात्री पंप फिरवणारी वीज तेव्हाही कोळशाची किंवा कोयनेचीच असेल. दुपारची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग, हा फरक वाढत चालला आहे, तेव्हा ही वजावट कोणत्या दराने होते यावर सगळा फायदा टिकून राहील. करारातली ती ओळ पॅनेलच्या संख्येपेक्षा महत्त्वाची आहे.

ऑगस्टची गोष्ट

इथवर आल्यावर मी वहीतल्या आवर्तनांच्या तारखा पुन्हा चाळल्या. आमची जवळजवळ सगळी आवर्तनं रब्बी आणि उन्हाळ्यातली. पावसाळ्याची पानं कोरी. माळावरच्या चक्क्या आणि कोरडा कालवा हे चित्र तेव्हा डोक्यात लख्ख झालं.

आपल्याकडे वाऱ्याचा हंगाम जून ते सप्टेंबर. वनकुसवडे-चाळकेवाडीचं पठार असो की आमचं ढालगाव, पवनचक्क्या वर्षाची बरीच कमाई त्या चार महिन्यांत करतात. राज्यात पवनऊर्जेची क्षमता पाच हजार मेगावॅटच्या घरात आहे. याच महिन्यांत शेतीपंप बंद असतात, उकाडा कमी असतो, विजेची मागणी उतरलेली असते. आणि याच महिन्यांत कोयना, वारणा, कृष्णा दुथडी भरून वाहतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ आहे. सांगलीत लोक बोटीतून बाहेर काढले जात होते आणि त्याच आठवड्यात जतमध्ये टँकर फिरत होते. पाणी, वारा आणि स्वस्त वीज ही तिन्ही ऑगस्टात एकत्र येतात, आणि आपण पंप एप्रिलमध्ये चालवतो. तेव्हा धरणातलं पाणी मोजून मागावं लागतं, वीज महाग असते, आणि मुंबईचे पंखे आपल्याशी स्पर्धेत असतात.

मग ऑगस्टात उचलून तलाव का भरू नयेत? जतमध्ये दोड्डनाला आहे, संखचा मध्यम प्रकल्प आहे. आमच्या तालुक्यात बसाप्पाचीवाडीचा आहे. शिवाय गावोगाव पाझर तलाव आणि अग्रणीसारख्या नद्यांवरचे बंधारे. बहुतेक वर्षी यांतले निम्मे रिकामे असतात. पावसाळ्यात योजना चालवून तलाव भरल्याची उदाहरणं आहेतही, त्यामुळे मी काही नवीन सांगत नाही. मला एवढंच दिसलं की ही गोष्ट पूर किंवा दुष्काळ आला की मेहेरबानी म्हणून होते, वेळापत्रक म्हणून होत नाही.

एका गैरसमजाला इथेच आवरतो. सभेत कोणी म्हणतं, पुराचं पाणी दुष्काळी भागाला वळवलं की सांगली वाचेल. नाही वाचणार. दोन लाख क्युसेकचा पूर धरला तर एक टीएमसी पाणी दीड तासाच्या आत पुलाखालून निघून जातं. तेवढंच पाणी पंपाने दहा दिवसांत उचलायचं तर साडेअकराशे क्युसेकने उपसावं लागेल, म्हणजे पुराच्या अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त. सांगलीला ते कळणारही नाही. जतला मात्र एक टीएमसी कळेल. आणि त्यासाठी लागणारी वीज, दहा दिवस सलग सव्वाशे मेगावॅट, ऑगस्टच्या वाऱ्यात फार नाही.

साहेबांना हे कार्यालयात जाऊन दाखवलं. माणूस चांगला आहे, ऐकून घेतलं, चहा पाजला. मग एकेक अडचण सांगितली आणि त्यातली एकही खोटी नव्हती. पुराच्या पाण्यात गाळ फार, पंपाची पाती झिजतात. पहिल्या टप्प्याचं पंपगृह नदीला लागून, पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की तिथे माणूस ठेवायचाच धोका. देखभाल-दुरुस्ती पावसाळ्यातच उरकतात. ऑगस्टात भरलेला तलाव एप्रिलपर्यंत तसाच राहत नाही. आपल्याकडे वर्षाला दीड-दोन मीटर पाण्याची वाफ होते, उथळ तलावाचा बराच भाग उन्हं खातात. यावर माझं म्हणणं असं की तलावात ठेवूच नका, पाझर तलाव आणि बंधाऱ्यांतून जमिनीत मुरवा, विहिरी भरतील. साहेब म्हणाले, "मुरलेल्या पाण्याची पाणीपट्टी कोणाच्या नावावर टाकू?"

इथे मी अडलो. उन्हाळ्यात शेतकरी नमुना नंबर सातचा अर्ज भरतो, इतकं क्षेत्र, अमुक पीक, पाणी द्या. त्या अर्जावर मागणी उभी राहते, मागणीवर बिल, बिलावर वसुली. ऑगस्टात अर्ज कोण भरणार? आभाळ भरून आलेलं असतं आणि प्रत्येकाला वाटतं, आजच पडेल. मुरलेलं पाणी तर कोणाच्या विहिरीत गेलं ते सांगताच येत नाही. शेजाऱ्याने पैसे भरले नाहीत म्हणून त्याच्या विहिरीतला झरा काही बंद करता येत नाही. शिवाय विहिरीचं पाणी उपसायला साडेसात एचपीपर्यंत एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे; मग फुकटच्या पाण्यावर फुकटची वीज, आणि तळाला जाणाऱ्या भूजलाला विचारणारं कोणी नाही. स्वच्छ विजेची, वाऱ्याची, पुराच्या पाण्याची सगळी जुळणी या एका रकान्याशी येऊन थांबते : खातेदाराचं नाव.

मला वाटतं याला उत्तर गावाच्या नावावर मागणी हेच आहे. पाणी वापर संस्थेने किंवा ग्रामपंचायतीने तलावापुरती घाऊक मागणी करायची, बिल एकत्र, आणि वाटणी विहिरींच्या संख्येवर गावाने आपसांत करायची. यातही भांडणं होतील. आमच्या गावात तर पहिल्याच बैठकीत होतील. पण ऑगस्टचा वीजदर एप्रिलपेक्षा खरोखर कमी लावला तर भांडायला निदान एक स्वस्त आकडा समोर असेल. आज योजनेला बारा महिने साधारण एकाच भावाने वीज मिळते, मग पाणी स्वस्त वेळेला उचलण्याची बुद्धी कार्यालयाला तरी का व्हावी?

आण्णांना मी हे सगळं एका संध्याकाळी कट्ट्यावर बसून सांगितलं. साडेसहा कोटींचा फरक, सौर प्रकल्पाची वजावट, ऑगस्टची जुळणी. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच गोष्ट उचलली. "म्हंजी पावसात अर्ज भरायचा व्हय?"

"तेव्हा कोणी भरत नाही, आण्णा."

"मग मी भरतो."

जुलै २०२४ मध्ये त्यांनी खरंच नमुना सात भरला. पीक या रकान्यात 'तलाव' लिहिलं. खिडकीवरच्या पोराने आधी घ्यायला नकार दिला, मग वर विचारून घेतला आणि शिक्का मारून पोच दिली. त्या महिन्यात आमच्या पोटकालव्याला पाणी आलं नाही. पोच आण्णांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवली आहे.